कमरेखालची आइसलंडिक

मनात आणलं तर त्र्यंबकराव हुपरीकरांना जगातली कुठलीही भाषा येऊ शकते, असं एकाच माणसाचं ठाम मत होतं आणि तो माणूस म्हणजे खुद्द त्र्यंबकराव. मॅट्रिकला संस्कृतात त्यांचे दोनच मार्क गेले होते, तेही म्हणे अक्षरामुळे. पुढे इंजिनियरिंग, मग अमेरिका, मग वेस्ट विंडसरमधलं हे घर आणि प्रिन्स्टनजवळच्या एका संशोधन कंपनीत आकड्यांची कामं. या सगळ्या धांदलीत संस्कृत बिचारं ट्रंकेच्या तळाशी राहून गेलं. पण मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी नुसतं 'शर्ट' म्हणालं, तरी त्र्यंबकराव त्या शब्दाच्या व्युत्पत्तीला हात घालत आणि समोरचा माणूस हळूहळू बटाटेवड्यांच्या दिशेने सरकत असे.

म्हणून चौऱ्याऐंशी सालच्या जूनमध्ये शेजारचा एनार पडलेल्या चेहऱ्याने दारात उभा राहिला, तेव्हा त्र्यंबकरावांना तो संकटात सापडलेला माणूस न वाटता आपल्यासाठी आलेलं आमंत्रण वाटला.

एनार आइसलंडचा. दगडांचा शास्त्रज्ञ. ऑफिसात त्र्यंबकरावांना सगळे 'टिम' म्हणत. सबंध टाउनशिपमध्ये 'त्र्यंबक' हे नाव जोडाक्षरासकट, जिभेला कसलाही त्रास न होता म्हणणारा हा एकच गोरा माणूस. तेवढ्या एका गोष्टीसाठी त्र्यंबकराव त्याला आपली किडनीसुद्धा द्यायला तयार होते. सुदैवाने त्याला किडनी नको होती.

त्याची आई महिन्यापूर्वी आइसलंडहून आली होती. आल्या आल्या ती मागच्या पायऱ्यांवरून घसरली आणि तिचा उजवा हात मनगटापासून प्लास्टरमध्ये गेला. आता एनारला तीन दिवस कोलोराडोच्या डोंगरात जायचं होतं, जिथे दगड होते पण टेलिफोन नव्हता. आईबरोबर राहायला येणार असलेल्या बाईंनी आयत्या वेळी कॅन्सल केलं होतं.

"तिचं ती सगळं करते," एनार म्हणाला. "फक्त कपडे घालायला मदत लागते. आणि तिला इंग्रजी येत नाही. पण रविवारी सतरा जून आहे रे, त्र्यंबक."

सतरा जून हा आइसलंडचा राष्ट्रदिन. त्या दिवशी त्यांच्याकडे एक बाई पारंपरिक पोशाख करून लोकांसमोर उभी राहते आणि कविता म्हणते. ती बाई म्हणजे साक्षात देश. तिला म्हणतात फ्याट्लकोना, डोंगरबाई. एनारची आई एका मच्छीमार गावात शाळामास्तरीण होती. आयुष्यभर तिने दर वर्षी गावातल्या कुठल्या ना कुठल्या पोरीला डोंगरबाई म्हणून सजवून उभं केलं होतं. तिला स्वतःला मात्र कुणी कधी उभं केलं नव्हतं, कारण तिकडे तरुण मुली निवडायची पद्धत. न्यू जर्सीतल्या मूठभर आइसलंडकरांकडे तरुण मुलींचा तुटवडा असल्याने त्यांनी या वर्षी तिला विचारलं होतं. आपल्या आईचा पोशाख घेऊन ती त्यासाठी समुद्र ओलांडून आली होती.

"डोंगराची बाई!" त्र्यंबकराव स्वतःशीच पुटपुटले. "म्हणजे पार्वतीच की!" आणि मग मोठ्याने म्हणाले, "नो प्रॉब्लेम! कपड्यांचे शब्द असून असून किती असणार?"

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. ती कुकरची होती की त्यांच्या बायकोची, संध्याताईंची, हे त्र्यंबकरावांनी पाहिलं नाही.

एनारने एक कॅसेट भरून दिली. त्यात तो आधी इंग्रजी शब्द म्हणे, मग आइसलंडिक. शास्त्रज्ञच तो, डोक्यापासून सुरुवात करून शिस्तीत पायापर्यंत गेला होता. त्र्यंबकराव ऑफिसला जाता-येता रूट वनवर ती गाडीत लावत आणि मोठमोठ्याने घोकत. शेजारच्या लेनमधले लोक काचा वर करत.

"कॅप. हूवा," एनार कॅसेटमधून सांगे. "स्वेटर. पेय्सा. पण लक्षात ठेव, इंग्रजीत सगळं 'पुट ऑन' करतात, आमच्यात तसं नाही. स्वेटरमध्ये आपण जातो. टोपीत जात नाही. टोपी वर ठेवतो."

हे ऐकलं आणि त्र्यंबकरावांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. खरोखरच घेतली, चारी इंडिकेटर लावून. इंग्रज टोपी पुट ऑन करतो, बूट पुट ऑन करतो, कोट पुट ऑन करतो आणि खाऊन खाऊन वजनही पुट ऑनच करतो. आपण मात्र साडी नेसतो, फेटा बांधतो, शाल पांघरतो, पदर घेतो. आपल्याला वाटत होतं हा थाट फक्त आपला. आणि तिकडे पृथ्वीच्या पार टोकाला, बर्फात, मासे वाळवणारी माणसंसुद्धा एका क्रियापदावर भागवून घ्यायला तयार नाहीत! स्वेटरमध्ये जातात. घरात जावं तसे. बाहेर वारा आहे, चला, स्वेटरमध्ये जाऊ. त्र्यंबकरावांच्या अंगावर काटा आला. त्या दिवशी ते ऑफिसात उशिरा पोहोचले आणि बॉसने कारण विचारल्यावर "व्हर्ब," एवढंच म्हणाले.

त्यांनी ही हकिगत एडिसन गावात राहणाऱ्या डॉक्टर नरेंद्र वऱ्हाडपांड्यांना फोनवर ऐकवली. हे त्यांचे कॉलेजपासूनचे मित्र, मूळचे नागपूरचे, हृदयाचे डॉक्टर आणि सल्ल्यांचे घाऊक व्यापारी.

"तू कशाले भानगडीत पडून राहिला, यार?" डॉक्टर म्हणाले. "म्हातारं माणूस, परका देश. काही झालं तर स्यू करतील. मी सांगतो, दारात कॅमेरा लाव."

"नरेंद्र, मी तिला कपडे घालणार नाहीये. संध्या घालणार आहे. मी फक्त भाषा पुरवणार."

"मग संध्याले इन्शुरन्स घे."

बुधवारपर्यंत त्र्यंबकराव टोपीपासून कोटापर्यंत पोहोचले. कोट म्हणजे काउपा. बायकांचा लांब, काळा वगैरे असतो तो. तिथे कॅसेटची एक बाजू जवळजवळ संपत होती. उरलेलं, म्हणजे कमरेपासून खालचं, दुसऱ्या बाजूवर होतं. ते त्यांनी गुरुवारसाठी राखून ठेवलं. ज्ञान पचवत पचवत घ्यावं, असं त्यांचं मत.

गुरुवारी सकाळी एनार गेला. संध्याकाळी त्र्यंबकरावांनी कॅसेट उलटली, बटण दाबलं, आणि कमरेखालच्या वस्त्रांच्या जागी धाड धाड ड्रम वाजू लागले. मग कोणीतरी पुरुष बायकी आवाजात किंचाळला. रेडिओवरची टॉप फॉर्टी गाणी होती, शेवटपर्यंत.

"दीपा!"

अकरा वर्षांची दीपा कानावरचे हेडफोन न काढता आली. "व्हॉट? त्यावर काही लिहिलं नव्हतं, बाबा. इट वॉज जस्ट सम गाय सेइंग सॉक्स."

"सॉक्सला काय म्हणाला तो?"

"आय डोन्ट नो! आय टेप्ड ओव्हर हिम!"

अशा रीतीने हुपरीकरांच्या घरातली कमरेखालची आइसलंडिक भाषा एका गाण्याच्या कार्यक्रमात नाहीशी झाली.

अम्मा त्या संध्याकाळीच राहायला आल्या. त्यांचं नाव सिग्रिदुर, पण हाक काय मारायची असं संध्याताईंनी आधीच विचारून घेतलं होतं, तेव्हा एनार म्हणाला होता, "आमच्याकडे आजीला अम्मा म्हणतात." त्र्यंबकराव या शब्दावर एक तास बोलू शकले असते, पण संध्याताईंनी फक्त "बरं झालं" म्हटलं आणि अम्मांच्या हातातली बॅग घेतली. अम्मा उंच होत्या, ताठ होत्या, आणि त्यांचे डोळे इतके निळे होते की दीपा हेडफोन काढून बघत राहिली.

जेवताना संध्याताईंनी सगळ्यांना ताक दिलं. अम्मांनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि उघडून मनापासून म्हणाल्या, "ताक."

संध्याताईंनी वाढता वाढता मान वर केली.

"ओळखलं!" संध्याताईंचा चेहरा उजळला. "अहो, ह्यांना ताक माहितीय!" आणि त्यांनी ग्लास पुन्हा भरला.

"ताक," अम्मा म्हणाल्या. संध्याताईंनी पुन्हा भरला. "ताक, ताक," अम्मा हात हलवत म्हणाल्या. संध्याताईंनी भांडंच जवळ ओढलं. चौथ्या ग्लासाला अम्मा नुसत्याच मान हलवू लागल्या, तेव्हा कुठे त्र्यंबकरावांच्या डोक्यात उजेड पडला. तो शब्द त्यांनी कॅसेटच्या अगदी सुरुवातीला ऐकला होता.

"संध्या, थांब. त्या थँक यू म्हणतायत."

"मग ताक आवडलं नाही का?"

ह्या प्रश्नाला भाषाशास्त्रात उत्तर नव्हतं. अम्मांनी मात्र चौथा ग्लासही संपवला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारी संध्याताई लायब्ररीत कामाला गेल्या. त्र्यंबकरावांनी खास रजा घेतली होती. सकाळी एअर कंडिशनर सुरू होता आणि अम्मा दंड चोळत म्हणाल्या, "पेय्सा." दीपाने आपला पैशांचा गल्ला आणून पुढे केला. "नो, नो," त्र्यंबकराव म्हणाले आणि शांतपणे, आयुष्यभर याच क्षणाची वाट पाहिल्यासारखे, आत जाऊन स्वेटर घेऊन आले. अम्मांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की बस! मॅट्रिकचे ते दोन मार्कसुद्धा त्या नजरेत भरून निघाले.

माणसाने अशा वेळी थांबायला हवं. पण यश चढलं की कोण थांबतं? अम्मांनी आपली पेटी उघडून रविवारचा पोशाख हवेला काढला होता. खुर्चीच्या पाठीवर एक मोठं, जड, काळं वस्त्र पसरलेलं होतं. लांबलचक आणि काळंभोर. त्याच्या काठाला कसलीशी धूळ लागली होती.

"काउपा!" त्र्यंबकराव म्हणाले.

अम्मांनी मान हलवली. "नेई, नेई. पिल्स."

त्र्यंबकराव हरखून गेले. नेई! संस्कृत 'नी' धातू, नयति, नेणे! शब्द जसाच्या तसा! आणि प्लीज तर इंग्रजीच. एवढं महिन्याभरात कोणीही शिकेल. अम्मा विनवून सांगत होत्या: ने, ने, प्लीज. कुठे नेऊ, हे विचारायची गरज नव्हती. त्यांचा स्वतःचा सूट ड्रायक्लीनरकडे द्यायचा होताच. त्यांनी ते काळं वस्त्र उचललं. अम्मा उठल्या. "नेई! नेई!"

"हो हो, नेतो. लगेच नेतो," त्र्यंबकराव म्हणाले आणि ज्याला बेचाळीसाव्या वर्षी आइसलंडिकमध्ये संस्कृत सापडलं आहे अशा माणसाच्या चालीने गाडीकडे गेले.

ड्रायक्लीनर म्हणाला, सोमवारी तयार होईल. सोमवार तर सोमवार. रविवारी जून महिन्याच्या उकाड्यात कोट कशाला लागतोय?

संध्याकाळी अम्मा गप्प गप्प होत्या. "घरची आठवण येत असेल," संध्याताई म्हणाल्या आणि त्यांना ताक दिलं.

रविवारी सकाळी आवराआवर सुरू झाली. दुपारी तळ्याकाठच्या पार्कमध्ये कार्यक्रम होता आणि एनार विमानतळावरून थेट तिथेच येणार होता. संध्याताई स्वतः साडी नेसून तयार झाल्या आणि अम्मांना घेऊन खोलीत गेल्या. त्र्यंबकराव बंद दाराकडे पाठ करून पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसले. हीच त्यांची नेमणूक. आतून अम्मांचा शब्द येई, तो ते झेलत आणि मराठी करून आत पाठवत.

"स्किर्ता!" आतून आवाज आला.

"शर्ट, संध्या! ब्लाउज असेल. पांढरा."

"घातलाय. डोळ्यांनी दिसतंय मला, अहो."

मग बराच वेळ किणकिण ऐकू येत राहिली. ब्लाउजवरून घालायची काळी चोळी होती, तिच्या दोन्ही कडांना चांदीच्या कड्या आणि त्यांतून चांदीची साखळी ओवून छातीवर आवळायची. संध्याताई आतून नुसत्याच "अगंबाई, अगंबाई" करत होत्या. त्र्यंबकराव हुपरीचे, चांदीच्या घुंगरांच्या आवाजात लहानाचे मोठे झालेले. ती किणकिण ऐकून त्यांना पाठ वळवून बसणं जड गेलं. पण सभ्यता म्हणजे सभ्यता.

आणि मग आतून आलं, "पिल्स."

"प्लीज म्हणतायत," त्र्यंबकराव म्हणाले.

"प्लीज काय? काय हवंय?"

"पिल्स!" अम्मांचा आवाज चढला. "पिल्स! पिल्स!"

हे प्लीज वाटेना. त्र्यंबकराव खुर्चीतून ताडकन उठले. "संध्या! पिल्स! गोळ्या! त्यांना गोळ्या हव्यात! कसल्या तरी रोजच्या गोळ्या असणार, हृदयाच्या नाहीतर साखरेच्या, आणि एनार सांगायला विसरला!"

आता मात्र कोणालाच हसू येईना. अम्मांच्या पेटीत गोळ्या सापडल्या नाहीत. घरातली अ‍ॅस्पिरिन दाखवली तर अम्मांनी कपाळावर हात मारला. हात कपाळाकडे गेला म्हणजे डोकं दुखतंय, असं त्र्यंबकरावांनी ठरवलं. त्यांनी एडिसनला फोन लावला. डॉक्टर नरेंद्र रविवारची पोह्यांची बशी टाकून गाडीत बसले आणि शर्टाच्या गुंड्या वाटेत लावत हजर झाले.

खांद्यावर टॉवेल पांघरून अम्मा पलंगावर बसल्या होत्या. वरून चांदीची चोळी, खालून परकर. डॉक्टरांनी नाडी पाहिली, ब्लडप्रेशर घेतलं, छाती तपासली. अम्मांनी सगळं करू दिलं. शाळामास्तरणीने कच्च्या मुलाला फळ्यावर चुकू द्यावं, तसं.

"या बाईले काही झालं नाही," डॉक्टर म्हणाले. "हिचं हार्ट तुझ्यापेक्षा चांगलं आहे. गोळी तुलेच देतो मी."

"मग पिल्स, पिल्स काय करतायत?"

"पिल्स!" अम्मा म्हणाल्या, आणि त्यांचा धीर सुटला. त्या उठल्या, डाव्या हाताने संध्याताईंच्या साडीच्या निऱ्यांना धरलं, दोनदा हिसडा दिला, मग स्वतःच्या परकराकडे बोट दाखवलं, मग खुर्चीच्या मोकळ्या पाठीकडे, आणि शेवटी ते बोट वळून त्र्यंबकरावांच्या छातीवर स्थिर झालं.

"पिल्स."

संध्याताईंनी सावकाश विचारलं, "अहो, ह्यांचा स्कर्ट कुठाय?"

त्र्यंबकरावांच्या पायाखालची सगळी संस्कृत भाषा सरकली. "नेई म्हणजे..."

"नाही," संध्याताई म्हणाल्या. "नेई म्हणजे नाही. एवढं तर मलाही कळतं. मान हलवून म्हणतात त्या."

पुढच्या अर्ध्या तासाबद्दल त्र्यंबकराव नंतर कधीच सविस्तर बोलले नाहीत. ड्रायक्लीनरचं दुकान बंद होतं. काचेच्या दारावर हात टेकून, नाक चिकटवून त्यांनी आत पाहिलं. तो होता! पहिल्याच दांडीवर, प्लास्टिकच्या पिशवीत, नुसता हात लांबवला तर मिळावा इतका जवळ. एका वृद्ध बाईचं आयुष्यभराचं स्वप्न आणि मध्ये एक काच.

"सर, स्टेप अवे फ्रॉम द विंडो."

मागे पोलीस उभा होता. त्र्यंबकरावांनी दोन्ही हात वर केले आणि जे खरं होतं ते सांगितलं: आत आइसलंडच्या डोंगरदेवीचा स्कर्ट अडकला आहे, तिला दुपारी देश व्हायचं आहे, आणि हे सगळं एका धातूमुळे झालं. पोलिसाने आधी काचेतून आत डोकावून पाहिलं. मग त्याने विचारलं, घरी कोणी आहे का तुमचं?

"वाइफ आहे."

"तर मग घरी जा, सर," तो हळुवारपणे म्हणाला.

ते घरी परतले तेव्हा मान खाली होती. अम्मांसमोर उभं राहून काय म्हणायचं, याची ते गाडीत तयारी करत आले होते. पण माफीचा शब्द कॅसेटवर नव्हता. जी बाई जन्मभर दुसऱ्यांच्या मुलींना सजवत आली, तिला तिच्या एकुलत्या एक दिवशी आपण परकरावर बसवून ठेवलं. आणि का, तर आपल्याला व्युत्पत्ती सापडली म्हणून. त्र्यंबकरावांना पहिल्यांदाच खरोखरचं रडू आलं.

खोलीचं दार पुन्हा बंद होतं. बाहेर डॉक्टर नरेंद्र खुर्चीत बसून ताक पीत होते.

"आत जाऊ नको," ते दबक्या आवाजात म्हणाले. "तुझी बायको काही तरी करून राहिली."

दार उघडलं.

त्र्यंबकरावांना आधी टोपी दिसली, काळी, बाजूला लांब झुबका सोडलेली. मग चांदी. छातीवर साखळ्यांची वीण, कमरेला चांदीच्या चौकोनांचा पट्टा, त्यावर तारेचं इतकं बारीक काम की हुपरीच्या जुन्या कारागिरांनीही हातात धरून उजेडाकडे नेलं असतं. पट्ट्याखाली रेशमी एप्रन. आणि एप्रनच्या मागून, दोन्ही बाजूंनी, पायाच्या बोटांपर्यंत उतरलेल्या काळ्या, एकसारख्या, दाट चुण्या.

"हे..." त्र्यंबकराव म्हणाले.

"माझी चंद्रकळा," संध्याताई तोंडातल्या पिना काढत म्हणाल्या. "पहिल्या संक्रांतीची. सासूबाईंनी दिलेली. नऊवार आहे म्हणून घेर पुरला. ह्यांच्याकडे म्हणे मागच्या बाजूला निऱ्या असतात, त्यांनी हातानेच दाखवलं. काठ सोनेरी आहे, तो आत दुमडून पिना लावल्यात. नुसत्या पिनांवर आहे हो सगळं, चालताना सांभाळून न्या."

तीन खोल्यांतून दोरी, पिना, इस्त्री गोळा करणारी ही आपली बायको, आणि तिच्या शेजारी ताठ उभा असलेला तो डोंगर. दोघींना एकमेकींचा एक शब्द येत नव्हता. दाराबाहेर दुभाष्या नव्हता. अर्ध्या तासात त्यांनी हे केलं होतं. त्र्यंबकराव इतके गप्प उभे राहिले की डॉक्टरांनी त्यांची नाडी धरली.

अम्मांनी आरशात पाहिलं. मागे वळून, खांद्यावरून निऱ्यांवर नजर टाकली. मग संध्याताईंचा गाल आपल्या धडधाकट हाताने धरला.

पार्कमध्ये तळ्याकाठी झेंडा लावला होता. तीस-चाळीस माणसं, लाकडी बाकं, कॉफी, साखर पेरलेल्या पातळ पोळ्यांसारखं काहीतरी गोड. आइसलंडकरांच्या मंडळाच्या अध्यक्षा थोरा नावाच्या बाई होत्या; पोशाखाच्या बाबतीत त्या फार कडक, असं एनारने जाण्यापूर्वी घाबरत सांगितलं होतं. विमानतळावरून आलेला एनार आईला पाहून आधी हसला, मग जवळ आला, मग वाकून स्कर्टकडे पाहू लागला. त्र्यंबकरावांनी त्याचा दंड घट्ट धरला. "नंतर सांगतो. फक्त तिला भरभर चालू देऊ नकोस."

अम्मा झेंड्याखाली जाऊन उभ्या राहिल्या आणि बोलू लागल्या.

आवाज मोठा नव्हता. शाळेत मागच्या बाकापर्यंत पोहोचवायची सवय असलेला होता. त्यातलं त्र्यंबकरावांना काही कळत नव्हतं, आणि आश्चर्य म्हणजे कळावंसंही वाटत नव्हतं. ते कुठलाच शब्द पकडत नव्हते, कुणाचं मूळ काढत नव्हते. समोर म्हाताऱ्या माणसांचे ओठ हलत होते. एका गृहस्थांनी टोपी काढून छातीशी धरली. ही माणसं वर्षानुवर्षं न्यू जर्सीत राहून कुठे कुठे नोकऱ्या करत होती, आणि आता त्यांचा देश चालत येऊन त्यांच्यापुढे उभा होता.

तेवढ्यात तळ्यावरून वारा आला.

एक पिन सुटली. मग दुसरी. दुमडलेला काठ उलगडत, सळसळत खाली आला आणि काळ्या डोंगराच्या पायथ्याशी चार बोटं रुंद सोन्याची कड उन्हात लखलखली. संध्याताईंनी त्र्यंबकरावांच्या हाताला चिमटा काढला. कुणीतरी "ओ!" म्हणालं. थोराबाई पुढे सरसावल्या.

अम्मा थांबल्या. खाली पाहिलं. मग त्यांनी ओळ जिथे सोडली होती तिथून उचलली आणि कविता शेवटपर्यंत म्हटली. टाळ्या व्हायच्या आधी त्यांनी डाव्या हाताने एप्रन थोडा बाजूला केला, तो काठ सगळ्यांना नीट दिसेल असा धरला आणि एक वाक्य बोलल्या. सगळे हसले, आणि हसता हसता डोळे पुसू लागले.

"काय म्हणाल्या?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

एनारने भाषांतर केलं. "म्हणाली, वरचा डोंगर आपला आहे. पायथा शेजाऱ्यांनी दिलाय."

थोराबाई जवळ आल्या, खाली वाकल्या, काठ चिमटीत धरून पाहिला. "हे शिवलंय कसं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. "शिवण दिसत नाही."

"शिवलेलं नाही," संध्याताई म्हणाल्या.

"म्हणजे? बटण? हुक?"

"काहीच नाही. नुसतं कापड."

ही गोष्ट कोणालाच पटेना. मग बायकांनी अम्मांना पार्कच्या छोट्या घरात नेऊन त्यांचा रोजचा फुलाफुलांचा झगा घातला, आणि संध्याताई घडी न करता ती चंद्रकळा कवेत घेऊन हिरवळीवर आल्या. एक टोक त्र्यंबकरावांच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन त्या चालू लागल्या. कापड निघत राहिलं. थोराबाईंनी मध्येच हात लावून धरलं. मग एनारने, मग टोपीवाल्या गृहस्थांनी, मग एकेक करून सगळ्यांनी. दीपा धावत येऊन मध्ये शिरली. तरी ते संपेना. अखेर जरीचा पदर उलगडला तेव्हा तळ्याच्या बाजूने वारा भरला आणि ते काळं आभाळ सगळ्यांच्या हातात एकदम वर उचललं गेलं.

अम्मा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याच्या कडेने सावकाश चालत गेल्या, हात कापडावरून फिरवत, जणू एखाद्या लांबच्या किनाऱ्याने चालल्या आहेत. त्र्यंबकराव पाहत राहिले. ही साडी बारा वर्षं त्यांच्याच घरात, त्यांच्याच ट्रंकेत होती, आणि ती एवढी मोठी आहे हे त्यांना आजच कळत होतं.

"अहो!" हिरवळीच्या पलीकडून संध्याताईंचा आवाज आला. "बघत काय बसलात? घट्ट धरा! गवताला लागतंय!"

त्र्यंबकरावांनी दोन्ही हातांनी घट्ट धरलं.